अंगठेबहाद्दर

हातमोजे घालून भांडी घासणाऱ्या बाईबद्दल थोरलीचं मत एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ती ते कधी एका वाक्यात सांगायची नाही. पार पहिल्यापासून सुरू व्हायची. मोजे घातले की बोटं आंधळी होतात. मग तेल कुठे राहिलंय ते कळत नाही. पेला निसटतो. मोज्यात पाणी शिरलं की आत वेगळाच चिखल होतो. आणि माणसांच्या उष्ट्याची एवढी किळस येत असेल तर बाईने या कामाला यावंच कशाला, घरी बसून नखं रंगवावीत. हे सगळं ती कँटीनच्या मोरीत, हौदाशी उभी राहून, शेजारच्या धाकटीकडे न बघता बोलायची. धाकटी ऐकून घ्यायची. ऐकता ऐकता आपले पिवळे रबरी मोजे कोपरापर्यंत ओढायची, त्यांच्या कडा बाहेरून दुमडायची म्हणजे ओघळ आत जात नाही, आणि कामाला लागायची.

या दोघी जावा. एका घरात राहायच्या, एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि एकाच कंपनीच्या कँटीनमध्ये एकाच मोरीत भांडी घासायच्या. थोरलीला तिथे अठरा वर्षं झाली होती, धाकटीला तीन. रोज दुपारी चारशे माणसं जेवायची. ताटं, वाट्या, पेले, शिवाय आचाऱ्याची करपलेली पातेली वेगळीच. भांडी धुण्याचं मशीन मध्ये एकदा आणलं होतं. ते ताटं कशीबशी धुवायचं, पण पातेलं दाखवलं की घरघर करून बंद पडायचं. आता त्याच्यावर कांद्याची पोती ठेवतात. तेव्हा सगळी भिस्त या दोघींच्या चार हातांवर.

मोरीत तीन हौद होते. पहिल्यात धुण्याचा सोडा टाकलेलं कढत पाणी, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी. तिसऱ्यातून ताट वर आलं की थोरली त्याच्या काठावरून अंगठा फिरवायची. कर्र असा आवाज आला तर ताट पास. आवाज आला नाही तर ते परत पहिल्या हौदात. आणि तिचा अंगठा कधी चुकला नाही हो, हे धाकटीसुद्धा मान्य करायची. अठरा वर्षांत तेलकट ताटाची एक तक्रार नाही. साहेब लोक पाहुण्यांना कँटीन दाखवायला आणायचे तेव्हा मोरीच्या दारात थांबून तिला अंगठा फिरवायला लावायचे, आणि तीही सांगितलं की फिरवायची.

हे साहेब म्हणजे कँटीनचे मॅनेजर. थोरली कामाला लागली तेव्हा ते नुसते भांडारावर होते. तिसऱ्याच दिवशी तिने त्यांच्याकडे हातमोजे मागितले होते. कारण सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांची आग आग झाली होती. ते म्हणाले, मोजे घालून पेले फुटतात, आधीच्या बाईने एका दमात चोवीस फोडले, तेव्हापासून इथे मोज्यांना परवानगी नाही. वर गोड आवाजात म्हणाले, बाईचा हात उघडा असला की भांडं चकचकीत निघतं, आठवडाभरात सवय होईल. सवय झाली. पुढे एका वार्षिक समारंभात त्यांनी तिला स्टेजवर बोलावून शाल दिली, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र दिलं आणि माइकवरून म्हणाले, या आमच्या मोरीच्या अंगठेबहाद्दर. सगळं सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. थोरली चांगली दहावी पास. अंगठेबहाद्दर कोणाला म्हणतात ते तिला काय माहीत नव्हतं? पण तिला वाटलं, साहेबांनी शब्द उलटा करून तिच्यापुरता मानाचा केला. लोक हसले ते कौतुकाने. ती फ्रेम अजून घरात टीव्हीच्या वर आहे.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते याला. एकदा चढलेली बाई खाली बघत नाही. उघड्या हाताचा मान तिने असा काही मनावर घेतला, की साहेबांना पुन्हा कोणाला मोजे नाकारायची वेळच आली नाही, ते काम थोरलीच करायला लागली. मोरीत नवीन कोणी आली आणि तिने मोज्यांचं नाव काढलं की हिचं भाषण सुरू. दोघी-तिघी त्या भाषणाला कंटाळूनच सोडून गेल्या. धाकटी मात्र गेली नाही. तिने कोणाला विचारलंही नाही. पहिल्याच दिवशी पिशवीतून स्वतःचे मोजे काढले, घातले आणि पाण्यात हात घातला. तिची आई धुलाईच्या दुकानात कपडे धुवायची. शेवटी शेवटी त्या माउलीला स्वतःच्या घराच्या दाराची कडी सरकवता येत नव्हती. धाकटीने लहानपणीच काय ते बघून ठेवलं होतं.

मग काय, घरात रोजची ठिणगी. थोरली म्हणायची, हिला आमच्या उष्ट्याचीही किळस, घरातली चार ताटं घासायलासुद्धा मोजे लागतात. धाकटी म्हणायची, जाऊबाई, ताटाला कळत नाही हो. सासूबाई कानाडोळा करायच्या. दोघे भाऊ या विषयात पडायचे नाहीत, कारण पडलं की भांडी कोणी घासायची हा पुढचा विषय निघायचा आणि तो दोघांनाही नको होता. शिकली-सवरलेली माणसं मोज्यांनी त्वचेचं काय होतं यावर मत द्यायची, शेजारीण द्यायची, आलागेला पाहुणा द्यायचा. ज्यांनी आयुष्यात एक वाटी विसळली नाही त्यांचं मत तर सगळ्यात पक्कं. आता याला काय म्हणावं?

आणि थोरलीचे हात? ते कोणी बघतच नव्हतं, कारण तीच दाखवत नव्हती. बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा, त्यांतून सकाळी रक्त यायचं. नखांच्या कडा सुजून लाल. तळव्याची कातडी पातळ आणि चकचकीत झालेली, लिंबू कापलं तरी डोळ्यांत पाणी. मुलीची वेणी घालायला बसली की केस बोटांच्या भेगांत अडकून ओढले जायचे आणि मुलगी ओरडायची. अलीकडे मुलगी म्हणायला लागली होती, राहू दे आई, काकूकडून घालून घेते. हे मात्र तिच्या जिव्हारी लागायचं. कोणाला न सांगता ती हाताला मलम चोळायची आणि वरून म्हणायची, हवा कोरडी आहे यंदा.

म्हणून तिला पुढचं काउंटर हवं होतं. ही सगळी गोष्ट त्या काउंटरची आहे. पुढच्या काउंटरवर चहा, दूध आणि पाव द्यायचं काम. पाण्यात हात घालायचा नाही, आणि समोर भिंत नाही, माणसं. अठरा वर्षं थोरलीने एकच भिंत बघितली होती, तिच्यावरची कुठली फरशी तडकली आहे ते तिला तोंडपाठ होतं. काउंटरवरच्या बाई निवृत्त होणार हे वर्षभर आधीच ठरलं होतं, आणि मोरीत जी सगळ्यात जुनी तिने पुढे जायचं, हा तिथला रिवाज. निवृत्त होणाऱ्या बाईही मोरीतूनच पुढे गेल्या होत्या. साहेबांनी थोरलीला दोनदा सांगितलं होतं, आता तुमचाच नंबर. तिने घरी सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, मुलीला सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी कंपनीने नवीन नियम काढला. अन्नाला हात लावणाऱ्याकडे डॉक्टरचा दाखला पाहिजे. नियमात काही वाईट नव्हतं. कंपनीचे डॉक्टर कँटीनच्या ऑफिसात येऊन बसले, साहेब शेजारी उभे. आचारी पास झाला, वाढणारी माणसं पास झाली. काउंटरसाठी साहेबांनी मोरीतल्या दोघींनाही तपासायला बोलावलं, एकीची अडचण आली तर दुसरी असावी म्हणून. तेव्हाच थोरलीने ओळखायला हवं होतं.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी तिचे हात दिव्याखाली धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. हे किती वर्षांचं आहे, असं विचारलं. म्हणाले, या भेगांत जंतू राहतात, मी तुम्हाला अन्नाला हात लावायचा दाखला देऊ शकत नाही. मात्र सहा आठवडे हात पाण्यापासून लांब ठेवा, निदान चांगले मोजे घालून काम करा, मलम देतो, कातडी भरून येईल. मग पुन्हा तपासतो. हे सगळं त्यांनी नीट, समजावून सांगितलं. आणि मग सहज, लिहिता लिहिता, त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं मोजे का नाही घातले? कोणी मनाई केली होती का?"

थोरलीने साहेबांकडे बघितलं. तिला वाटलं, आता ते सांगतील. चोवीस पेल्यांची गोष्ट सांगतील.

साहेब म्हणाले, "छे, मनाई कसली? यांच्या जाऊबाई रोज घालतात की. यांचाच हट्ट. मोज्यांच्या नावाने यांनी सगळ्या मोरीला भंडावून सोडलंय, विचारा कोणालाही."

घ्या. म्हणजे बघा कसं असतं. खोटं म्हणावं तर पहिल्या 'छे'च्या पुढे त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. धाकटी मोजे घालत होती, साहेबांनी तिला अडवलं नव्हतं. मोज्यांच्या विरुद्ध भाषणं थोरलीच देत होती. आणि तरी ते वाक्य डोक्यापासून पायापर्यंत खोटं होतं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण साहेब जे बोलत होते ते तिचेच शब्द होते. डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. पुढची धाकटी, ती दाराशीच उभी राहून सगळं ऐकत होती. तिचे हात त्यांनी उलटे केले, सुलटे केले, दोन मिनिटांत सही.

त्याच शुक्रवारी दुपारी फळ्यावर कागद लागला. सोमवारपासून पुढचं काउंटर धाकटीकडे.

साहेब स्वतः मोरीत आले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, मोरीला तुमच्याशिवाय कोण आहे, अंगठेबहाद्दर तुम्ही आमच्या. असं म्हणून हसले आणि गेले. या वेळी थोरलीला तो शब्द जसा होता तसा ऐकू आला. ज्याला अक्षर कळत नाही आणि जिथे सांगाल तिथे जो अंगठा उमटवतो, तो.

माणसाचा राग जवळ असेल त्याच्यावर निघतो. थोरलीचाही तसाच निघाला. हातातलं ताट तिने हौदात टाकलं, पाणी दोघींच्या अंगावर उडालं, आणि तिने धाकटीला नको नको ते ऐकवलं. घरात घेतलं, नोकरीला लावलं, त्याचे हे पांग फेडलेस. तीन वर्षं हात जपलेस ते याच्यासाठीच. डॉक्टरसमोर एक शब्द बोलली असतीस, हिला मोजे घालू दिले नाहीत एवढं म्हणाली असतीस, तर तुझी जीभ झडली असती का? काउंटर नाकारलं असतंस तर साहेबांनी काय केलं असतं? मुलीच्या वेण्या घालतेस, आता माझ्या जागेवर उभी राहा. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. स्वयंपाकघरात आचाऱ्याने झारा खाली ठेवला आणि कान दिला.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग मोजे काढले, झटकले आणि खिळ्याला चिमट्याने अडकवले.

"काउंटर मी सोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं का सांगू? मलाही भिंत बघायचा कंटाळा आलाय. पण एक बोलते जाऊबाई, राग धरू नका. तीन वर्षं तुम्ही माझ्यावर चिडताय. त्यांच्यावर एक दिवस तरी चिडलात का?"

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने मागची अठरा वर्षं चाळली. आठवून बघितलं तर खरंच, एक दिवसही नाही. शाल घेतली, फ्रेम घेतली, पाहुण्यांसमोर अंगठा फिरवला. तिसऱ्या दिवशी एकदा मोजे मागितले होते ते शेवटचे. नंतर जी जी चिडचिड झाली ती या पोरीवर, त्या आधीच्या दोघी-तिघींवर, मुलीच्या केसांवर, कोरड्या हवेवर. ती एप्रनला हात पुसत उभी राहिली आणि पुसताना चिरा झोंबल्या. त्या दिवशी त्या दोघी एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत. घरीही नाही. सासूबाईंनी दोघींची ताटं वाढली आणि त्यांनी ती निमूट संपवली.

सोमवारी धाकटी पुढे गेली. मोरीत तिच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. थोरली सकाळचे पेले धुवून झाल्यावर हात कोरडे करून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. जाताना तिने दार वाजवलं नाही, हे अठरा वर्षांत पहिल्यांदा. साहेब फोनवर होते. ती थांबली. फोन झाल्यावर तिने सांगितलं की तिला तीन गोष्टी लिहून पाहिजेत. आजपासून मोरीत कंपनीच्या खर्चाने मोजे. सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी. आणि दाखला मिळाला तर काउंटर तिचं, रिवाजाप्रमाणे.

साहेबांनी आधी हसून बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, मोज्यांचं बघू, वरून मंजुरी लागते. तपासणी बघू. पण काउंटर आता दिलं ते दिलं, आणि तुमच्याच घरात गेलं ना, काय बिघडलं? थोरली म्हणाली, घरात गेलं म्हणजे माझ्या हातात आलं असं होत नाही. मग साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. डोक्यावर बसवून ठेवलं तर माणसं अशी वागतात, असं काहीसं ते पुटपुटले. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले.

"हे बघा, भांडी घासायला काही इंजिनिअर लागत नाही. तुम्ही नाही घासलीत तर कोणीही घासेल."

"कोणीही?" थोरलीने विचारलं.

"कोणीही."

"बरं," ती म्हणाली. आणि बाहेर आली.

मोरीत येऊन तिने एप्रन सोडला, घडी करून कांद्याच्या पोत्यावर ठेवला, दुधाचा रिकामा क्रेट उलटा केला आणि त्याच्यावर बसली. हात मांडीवर ठेवले. आचाऱ्याने विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, मला बरं आहे, माझ्या हातांना बरं नाही. तो मोठा शहाणा माणूस. त्याने पुढे काही विचारलं नाही, फक्त भरल्या डोळ्यांनी... छे, भरल्या डोळ्यांनी वगैरे काही नाही, त्याच्या डोळ्यांत कांदा गेला होता. तो आपला रस्सा ढवळत राहिला.

साडेबाराला जेवण सुरू झालं. पहिली दीडशे माणसं आरामात जेवली, कारण तेवढी ताटं सकाळची धुतलेली होती. मग उष्टी ताटं मागे यायला लागली. एकावर एक, एकावर एक. पहिला ढीग कमरेएवढा झाला, मग दुसरा. वाट्या हौदाच्या काठावरून खाली घरंगळायला लागल्या. थोरली क्रेटवर बसून बघत होती. तिची बोटं आपोआप हलत होती, हे मात्र खरं. अठरा वर्षांची सवय, समोर खरकटं साचलं की हात उठतो. तिने ते एकमेकांत गुंतवून घट्ट धरले, तर चिरा दुखल्या, मग सैल केले. एक वाजता बाहेर ताटं संपली. रांग दारापर्यंत गेली आणि थांबली. रांगेतली माणसं आधी हसत होती, मग घड्याळं बघायला लागली, मग कोणीतरी मोठ्याने विचारलं की मालक, जेवण ओंजळीत देणार का?

वाढणाऱ्यांना जागा सोडता येईना. आचाऱ्याला चूल सोडता येईना. साहेबांनी दोन ऑफिसांत फोन लावले, पण जेवणाच्या सुट्टीत कोण येतंय? ते मोरीच्या दारात आले. तिथला ढीग बघितला. थोरलीकडे बघितलं. धमकीही देऊन झाली, गोडही बोलून झालं. ती एवढंच म्हणाली, साहेब, कोणीही घासेल. तेव्हा सगळ्या रांगेच्या देखत, त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि पहिल्या हौदाशी उभे राहिले.

हौदातून वाफ येत होती. वर तेलाचा तवंग, कडेला भाताची शितं. साहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि पाण्याच्या वर वीतभर अंतरावर ते थांबले. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांची नजर खिळ्यावर गेली. तिथे पिवळे मोजे चिमट्याला लटकत होते.

अजून हात ओला झाला नव्हता हो त्या माणसाचा. एक थेंब लागला नव्हता. अठरा वर्षं दुसऱ्याच्या हाताला उघडं राहायला सांगणारा, शाल देणारा, टाळ्या वाजवायला लावणारा माणूस, आणि स्वतःवर आली तर पहिलं काय शोधलं? थोरलीला हसू येईल असं वाटलं होतं, पण हसू नाही आलं. रागाने तिचे कान तापले. आपण मूर्ख होतो हे कळण्याचा तो राग होता, आणि त्यातला अर्धा राग स्वतःवर होता.

साहेब खिळ्यापर्यंत गेले आणि तिथूनच त्यांनी पुढच्या काउंटरकडे हाक दिली. धाकटी चहाचं भांडं हातात धरून मोरीच्या दाराशी आली. पांढरा कोरा कोट, केस नीट बांधलेले. मागे रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती.

"हे तुमचे ना? जरा वापरतो," साहेब म्हणाले, आणि चिमटा काढायला हात वर केला.

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं, मग क्रेटवर बसलेल्या जावेकडे बघितलं. आपल्या जागेवर कोण येणार आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे थोरलीच्या तीन अटी तोवर सगळ्या कँटीनला तोंडपाठ झाल्या होत्या. हे हात सहा आठवड्यांत बरे झाले की हा कोरा कोट उतरवून तिला परत या भिंतीसमोर यावं लागणार होतं. तिने चहाचं भांडं खाली ठेवलं.

"माझे होते," ती म्हणाली. "आता ते जाऊबाईंचे आहेत. मी त्यांना दिलेत."

खोटं होतं ते. शुक्रवारपासून दोघींचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. पण ती बोलली त्या क्षणी ते खरं झालं. आणि साहेबांचा वर गेलेला हात तसाच खाली आला. धाकटीने खिळ्यावरून मोजे काढले, आतली पावडर झटकली, येऊन थोरलीच्या मांडीवर ठेवले आणि आपल्या काउंटरवर निघून गेली.

थोरलीने ते हातात घेतले. आतून मऊ कापड होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तीन वर्षं त्यांना शिव्या घातल्या, कधी हात लावून बघितला नव्हता. तिने एक बोट आत घातलं, मग सगळी. चिरा झोंबल्या नाहीत. ती तशीच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, मोजे घातलेल्या हातांनी कसं पुसणार?

रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांना आता मागे फिरायची सोय नव्हती. ते हौदाशी गेले, दात आवळले आणि दोन्ही हात सोड्याच्या पाण्यात घातले. लगेच बाहेर काढले. बोटांची टोकं लाल झाली होती.

"पाणी केवढं कढत आहे," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली. "अठरा वर्षं आहे."